माणूस हात राखून काम का करतो?



'दाम करी काम' ही म्हण आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माणूस काम कशासाठी करतो, या प्रश्नाला आपल्या वाडवडिलांनी दिलेले ते तीन शब्दांचे उत्तर होय. गेल्या सव्वाशे वर्षांत याच प्रश्नावर अमेरिकेत आणि इंग्लंडात मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले, कारखान्यांत प्रयोग झाले आणि त्यातून मानसशास्त्राची एक स्वतंत्र शाखा उभी राहिली. आज एखाद्या कंपनीत पगारवाढीची मागणी पुढे आली की व्यवस्थापक कित्येकदा म्हणतात, ''पैशाने माणूस समाधानी होत नाही, हे आता शास्त्राने सिद्ध झाले आहे.'' मी कामगार संघटनेचे काम करणारा माणूस. वाटाघाटीला बसल्यावर हे वाक्य इतक्या वेळा कानांवर आले की, ते शास्त्र आहे तरी काय, हे मुळातून पाहावे असे मला वाटू लागले. कॉलेजचे तोंड मी पाहिलेले नाही. सार्वजनिक वाचनालय हीच माझी शाळा. तेथे जे वाचले, त्यातील एका कारखान्याची हकीकत आज आपल्यापुढे ठेवणार आहे. ती सांगताना मुख्यतः एकाच गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधणार आहे. माणूस काम का करतो, याचे उत्तर हवे असेल तर तो हात राखून काम का करतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

या विषयाचा आरंभ फ्रेडरिक विन्स्लो टेलर या अमेरिकन इंजिनिअरापासून करावा लागतो. १८५६ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे सांगणारे आपले प्रसिद्ध पुस्तक छापले. त्यात बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात १८९९ साली केलेल्या प्रयोगाची कथा आहे. कच्च्या लोखंडाचे ठोकळे रेल्वेच्या वाघिणीत भरण्याचे ते काम. एकेक ठोकळा ९२ पौंडांचा, म्हणजे सुमारे एक मणाचा. माणशी रोज साडेबारा टन माल भरला जात असे. टेलर सांगतात की, एका मजुराला निवडून, केव्हा उचलायचे आणि केव्हा बसायचे हे घड्याळ लावून ठरवून दिल्यावर तोच मजूर दिवसाला सत्तेचाळीस टन भरू लागला. त्याची मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंटवर गेली. काम जवळजवळ चौपट झाले आणि मजुरी साठ टक्क्यांनी वाढली! पुढे १९७४ साली दोन अभ्यासकांनी जुनी कागदपत्रे धुंडाळून दाखवून दिले की, या कथेला टेलर यांनी बरेच तिखटमीठ लावले होते.

कामगारांना टेलर यांचे घड्याळ मानवले नाही. वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात ऑगस्ट १९११ मध्ये ओतकाम करणाऱ्यांनी त्या घड्याळाविरुद्ध संप केला. प्रकरण अमेरिकेच्या काँग्रेसपर्यंत गेले, चौकशी समिती बसली, आणि १९१५ पासून सरकारी शस्त्रागारांत अशा घड्याळाच्या मोजणीवर पैसा खर्च करण्यास बंदी झाली. कामगार चळवळीने टेलर यांना शत्रू मानले, यात नवल नाही. परंतु या शत्रूच्याच लिखाणात एक कबुली आहे. कामगार आपसांत ठरवून हात राखून काम करतात, असे टेलर यांनी स्वच्छ लिहिले आणि त्याचे कारणही सांगितले. काम वाढवले की मालक नगामागचा दर उतरवतो, हे कामगार अनुभवाने शिकलेला असतो. टेलर यांच्या मते ही लबाडी होती. पण तो वेडेपणा आहे असे मात्र त्यांनी कधी म्हटले नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे आलेल्या मानसशास्त्रज्ञांनी नेमकी येथेच चूक केली.

आता त्या कारखान्याकडे वळू. शिकागो शहराच्या वेशीवर, सिसेरो या गावी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता. टेलिफोन आणि त्याला लागणारी यंत्रे तेथे तयार होत. भरभराटीच्या काळात चाळीस हजारांहून अधिक माणसे तेथे राबत. त्यांत पोलंड, बोहेमिया अशा देशांतून पोट भरण्यासाठी आलेल्या कुटुंबांतील मुले-मुली पुष्कळ होत्या. १९२४ साली तेथे दिव्यांचा प्रयोग सुरू झाला. दिव्यांचा उजेड वाढवला तर काम वाढते काय, एवढाच साधा प्रश्न. दिव्यांच्या धंद्यातील कंपन्यांना त्यात रस असणे साहजिकच होते. उजेड वाढवला तेव्हा काम वाढले. उजेड कमी केला तरीही काम वाढले! दोन बायकांनी तर चांदण्याइतक्या उजेडातही आपले काम पडू दिले नाही, असे सांगितले जाते. तेव्हा उजेडापेक्षा माणसाच्या मनात काही वेगळेच चालले असले पाहिजे, असे प्रयोग करणाऱ्यांना वाटू लागले.

१९२७ साली त्यांनी दुसरा प्रयोग मांडला. रिले नावाचा टेलिफोनचा एक लहानसा भाग असतो. सुमारे पस्तीस तुकडे जुळवून तो तयार होतो आणि सरावलेल्या हाताला त्यासाठी मिनिटभर लागते. पाच मुली रिले जुळवणाऱ्या आणि सहावी त्यांना सुटे भाग पुरवणारी, अशा सहाजणींना मोठ्या खात्यातून काढून एका वेगळ्या खोलीत बसवण्यात आले. प्रत्येक रिले तयार होऊन घसरगुंडीत पडला की कागदी पट्टीवर आपोआप भोक पडे, आणि अशा रीतीने मिनिटामिनिटाचा हिशेब राहत असे. मग बदल सुरू झाले. आधी पाच-पाच मिनिटांच्या दोन सुट्ट्या दिल्या, नंतर त्या दहा मिनिटांच्या केल्या. सकाळी अल्पोपाहार मिळू लागला. कामाचे तास कमी केले. पुढे शनिवारची सुट्टी देऊन पाहिली. काम वाढत गेले. अखेर १९२८ च्या सप्टेंबरपासून बारा आठवडे या साऱ्या सवलती काढून घेतल्या आणि पूर्वीचा अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा परत आणला. तरीही आठवड्याचे एकूण काम चढेच राहिले.

हार्वर्ड विद्यापीठातील एल्टन मेयो हे मूळचे ऑस्ट्रेलियातील प्राध्यापक. १९२८ पासून त्यांचा या कारखान्याशी संबंध आला, आणि या प्रयोगांचा अर्थ जगाला सांगण्याचे काम मुख्यतः त्यांनी केले. मुलींशी कोणी दरडावून बोलत नव्हते, त्यांना विचारून बदल केले जात होते, त्या आपसांत बोलत, त्यांची मैत्री जमली. म्हणून त्या मन लावून काम करू लागल्या, असा अर्थ त्यांनी लावला. माणूस पैशापेक्षा आपुलकीने अधिक काम करतो, हे सूत्र येथून निघाले आणि जगभर पसरले.

या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. डोक्यावर मुकादम नसणे, दोन शब्द बोलायची मोकळीक असणे, आपल्याला कोणीतरी काही विचारणे, याची किंमत ज्याने कारखान्यात दिवस काढले त्याला सांगावी लागत नाही. परंतु प्रयोगाचे सारे तपशील वाचल्यावर चित्र थोडे निराळे दिसते. पहिली गोष्ट अशी की, त्या खोलीत जाताना मुलींच्या पगाराची पद्धतच बदलली होती. पूर्वी सुमारे शंभर जणींच्या कामावर मिळून मजुरी ठरत असे. आता ती फक्त या खोलीतील मुलींच्या कामावर ठरू लागली. स्वतः चार रिले जास्त केले तर त्याचा पैसा आपल्याच पदरात पडतो, हे त्यांना प्रथमच दिसू लागले. दुसरी गोष्ट, जानेवारी १९२८ मध्ये दोन मुलींना फार बोलतात आणि सहकार्य करीत नाहीत म्हणून खोलीतून काढून टाकण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या दोघी हाताला अधिक चलाख होत्या. त्यांपैकी एकीवर आईच्या मृत्यूनंतर घराचा भार पडला होता; तिला पैशाची निकड होती आणि तीच इतरांना पुढे ओढत असे. तिसरी गोष्ट, सवलती काढून घेतल्या तेव्हा आठवड्याचे एकूण काम चढे राहिले खरे, पण तास वाढले होते. दर तासाचे काम उतरलेच होते. आपुलकीच्या खोलीत नको असलेल्यांना बाहेरची वाट दाखवली जात होती, आणि जास्त कामाला जास्त दाम मिळत होता, हे त्या सूत्रात कोठे येत नाही. अ‍ॅलेक्स केरी या ऑस्ट्रेलियन लेखकाने १९६७ साली या गोष्टी एकत्र मांडून त्या निष्कर्षांवर कडक टीका केली. दिव्यांच्या प्रयोगाचे मूळ आकडेही पुढे सापडले आणि २०११ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी ते तपासले. उजेडाचे बदल रविवारी केले जात आणि सोमवारी काम एरवीही वाढतच असे, असे त्यांना आढळले. चमत्कार बराचसा विरघळला.

हॉथॉर्नची कथा सांगणारे पुष्कळ लोक मुलींच्या खोलीशीच थांबतात. त्याच कारखान्यात पुरुषांचीही एक खोली होती, आणि माझ्या मते खरा धडा तेथे आहे. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात चौदा कामगारांना एका खोलीत बसवून त्यांच्या कामाचे केवळ निरीक्षण करण्यात आले. नऊजण तारा जोडणारे, तिघे डाख देणारे आणि दोघे तपासनीस. येथे सुट्ट्या नाहीत, अल्पोपाहार नाही. एक निरीक्षक कोपऱ्यात बसून टिपणे करीत असे. मजुरी गटाच्या कामावर होती; काम वाढवले तर सर्वांचाच पैसा वाढला असता. तरीही काम वाढले नाही. दिवसाला किती तारा जोडायच्या, हे त्या माणसांनी आपसांत ठरवून टाकले होते आणि तेवढ्या झाल्या की हात सैल पडत. जो जास्त करी त्याची टर उडवली जाई, दंडावर ठोसाही बसे. जो फार कमी करी त्याचीही तीच गत. आणि साहेबाच्या कानाला लागणारा तर सर्वांत वाईट समजला जाई. वरच्या माणसाला एखाद्याने जास्तीचे काम दाखवले तर दर उतरतील, नाहीतर माणसे कमी होतील, असे ते बोलून दाखवीत.

आता पाहा, टेलर यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जे लिहिले होते तेच येथे जसेच्या तसे समोर आले. परंतु या प्रयोगांवर १९३९ साली जो मोठा ग्रंथ निघाला, त्याचे लेखक रोथलिसबर्गर आणि डिक्सन यांनी निराळेच अनुमान काढले. या कामगारांनी आपले दर उतरलेले कधी पाहिलेले नव्हते. तेव्हा त्यांची भीती हिशेबाला धरून नाही, गटाला बाहेरच्या बदलापासून जपण्याची ती एक भावना आहे, असे ते म्हणाले. मालकाचे चालते ते हिशेबाने आणि कामगाराचे चालते ते भावनेने, अशी ही वाटणी झाली.

ते वर्ष कोणते होते, याकडे आपण लक्ष द्यावे. १९२९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला होता आणि महामंदी सुरू झाली होती. हॉथॉर्नमधून हजारोंनी माणसे कमी होत होती. १९३३ पर्यंत भरभराटीच्या काळातील कामगारांचा थोडासाच अंश तेथे उरला. ज्या खोलीत हे निरीक्षण चालले होते ती खोलीसुद्धा मे १९३२ मध्ये काम नसल्यामुळे बंद झाली. शेतात उभे पीक थोडेच उरले असेल तर शहाणा मजूर कापणी एका दिवसात उरकत नाही, कारण दुसऱ्या दिवशी घरी बसावे लागेल हे तो जाणतो. त्या चौदा जणांनी तोच हिशेब केला होता. उरलेले काम सर्वांना पुरवून खावे आणि शेजाऱ्याला रस्त्यावर येऊ देऊ नये, याला भावना म्हणायचे असेल तर अवश्य म्हणावे. पण त्यांचा हिशेब चुकला होता असे कोणी म्हणू नये.

याच सुमारास आपल्या मुंबईत काय घडले, तेही आठवावे. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असे सुमारे सहा महिने मुंबईच्या कापड गिरण्या बंद होत्या. दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर होते. त्या तंट्यातील एक मोठे कारण होते साच्यांचे. दोन साचे चालवणाऱ्या विणकराने तीन चालवावेत, कताईत एका माणसाने दोन बाजू सांभाळाव्यात, असा गिरण्यांचा कार्यक्षमता वाढवण्याचा बेत होता. ''तीन साच्यांवर तुला पैसे जास्त मिळतील,'' असे विणकराला सांगितले जात होते. विणकराने दुसरा हिशेब केला. तिघांनी तीन-तीन साचे धरले की नऊ झाले. पूर्वी तेवढ्याला साडेचार माणसे लागत. मग उरलेल्या दीड माणसाने कोठे जायचे? शिकागोच्या खोलीत मुकाट्याने झाले तेच गिरणगावात उघडपणे, संघटना करून झाले. शिकागोत त्याला मनाची गुंतागुंत ठरवण्यात आले आणि मुंबईत बेशिस्त. हिशेब मात्र दोन्हीकडे एकच होता.

हॉथॉर्नच्या कंपनीने १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या होत्या. मन मोकळे केल्यावर माणसाला बरे वाटते, असे आढळले. मग १९३६ पासून त्यासाठी खास समुपदेशक नेमले गेले आणि ती योजना वीस वर्षे चालली. कामगाराने मनातले सारे सांगावे, समुपदेशकाने शांतपणे ऐकून घ्यावे. पण गाऱ्हाणे दूर करण्याचा अधिकार त्याच्या हाती नव्हता. ऐकून घेणे ही चांगलीच गोष्ट आहे. कित्येक ठिकाणी तेवढेही होत नाही. तथापि दर ठरवणारा एक आणि ऐकणारा दुसरा, अशी व्यवस्था असली की ऐकणे हे मलमपट्टीसारखे होते. जखम करणारा हात मोकळाच राहतो.

मेयोंच्या मागून आणखी पंडित आले. अब्राहम मास्लो यांनी १९४३ साली माणसाच्या गरजांची चढती पायरी सांगितली: आधी भूक, मग सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मान आणि शेवटी आपल्या अंगच्या गुणांचा पूर्ण विकास. प्रशिक्षणवर्गात ज्याचे चित्र हटकून दाखवतात तो त्रिकोण मास्लोंनी काढलेला नव्हता. तो मागाहून इतरांनी काढला. फ्रेडरिक हर्झबर्ग यांचे पुस्तक १९५९ मध्ये आले. पगार कमी असला तर माणूस नाराज होतो, पण पगार वाढल्याने त्याला कामाची गोडी लागत नाही. गोडी लागते ती यश, जबाबदारी आणि खुद्द कामाच्या स्वरूपामुळे, असे त्यांचे म्हणणे. मी आरंभी सांगितलेले व्यवस्थापकांचे वाक्य बहुधा येथून आलेले असते. पण हर्झबर्ग यांनी प्रश्न कोणाला विचारले होते? पिट्सबर्ग भागातील सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनीस यांना. ज्यांच्या घरी महिनाअखेर दुधाचे बिल थकत नाही, त्यांनी दिलेले उत्तर हमालाच्या गळ्यात बांधू नये. शिवाय कमी पगार माणसाला नाराज करतो, हे तर हर्झबर्ग यांनीही मान्यच केलेले आहे. वाक्याचा तो अर्धा भाग वाटाघाटीत कोणी उच्चारत नाही.

असे असले तरी हे सारे शास्त्र टाकाऊ आहे, असे म्हणून मी थांबणार नाही. आपल्या देशातील एक प्रयोग त्याची चांगली बाजू दाखवतो. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये काम केले. एका शेडमध्ये २२४ स्वयंचलित माग होते आणि त्यावर २९ माणसे बारा निरनिराळ्या प्रकारची कामे करीत. एकजण फक्त तुटलेला धागा पाही, दुसरा फक्त बॉबिन भरी. कोण कोणाचा सोबती हे ठरलेले नव्हते. यंत्रे नवीन असूनही काम सुधारत नव्हते. राइस यांनी सुचवले की, सातजणांच्या एका गटाकडे ६४ माग द्यावेत आणि आपसांतील वाटणी त्यांनीच करावी. कामगारांनी ही कल्पना उचलून धरली, कोणी कोणाबरोबर काम करायचे ते स्वतःच ठरवले आणि गट उभे केले. आरंभीची अडखळ संपल्यावर काम वाढले आणि खराब कापड कमी निघू लागले. हीच माणसे, हेच माग. फरक पडला तो कामाची व्यवस्था त्यांच्या हाती आल्यामुळे. पुढे १९७० साली एरिक मिलर हे त्याच संस्थेतील अभ्यासक तेथे पुन्हा गेले, तेव्हा साध्या मागांच्या शेडमध्ये ही पद्धत जवळजवळ जशीच्या तशी टिकलेली होती; स्वयंचलित मागांच्या शेडमध्ये मात्र ती बहुतेक मोडली होती. धंद्याची निकड वाढली, वरून हुकूम येऊ लागले, की दिलेला अधिकार हळूहळू परत जातो. जी गोष्ट कृपा म्हणून मिळते ती टिकवणे कठीण. ती करारात लिहिलेली असली तर निदान ती मागता येते.

कामगार संघटनांनीही यातून काही घ्यावे असे मला वाटते. कित्येक तंट्यांची ठिणगी पगारावरून पडत नाही. कोणीतरी कोणाला चारचौघांत शिवी दिलेली असते, बायकांना लघवीला जाण्याची परवानगी मागावी लागलेली असते, वीस वर्षे काम केलेल्या माणसाला कालच्या पोराने हात कसा चालवायचा ते शिकवलेले असते. मागणीपत्रात मात्र या गोष्टी शेवटच्या कलमात येतात, आणि तडजोडीत पहिल्यांदा सुटतात. माणसाला भाकरी हवी आणि मानही हवा. मानसशास्त्राने मानाची बाजू शिकवली, त्याबद्दल त्याचे ऋण मानावे. पण मान दिला म्हणून भाकरीचा हिशेब मिटला, असा त्याचा अर्थ कोणी करू लागला, तर त्याला अडवले पाहिजे.

हॉथॉर्नचा कारखाना १९८३ मध्ये बंद झाला. त्या जागी बाजारपेठ उभी राहिली. प्रश्न मात्र तेथे गाडला गेला नाही. आज दुचाकीवरून घरोघर जेवण पोचवणारी मुले आपण रोज पाहतो. त्यांच्यावर मुकादम नाही. मुकादम हातातल्या फोनमध्ये आहे. इतक्या खेपा केल्या तर इतका बोनस, असे फोन सांगतो. आणि खेपा वाढल्यावर उद्या बोनसची अट कोठे सरकेल, हे त्या मुलाला कळण्याचा मार्ग नसतो. कागदी पट्टीवरील भोके आणि हा फोन यांत तत्त्वाचा काही फरक मला दिसत नाही. मुलींच्या खोलीत काम वाढले, कारण वाढीव कामाचे पैसे आपल्याच पदरात पडतात हे त्या मुलींना दिसत होते. पुरुषांच्या खोलीत ते वाढले नाही, कारण वाढीव कामाने आपल्यातलाच कोणी बेकार होईल अशी त्या माणसांना धास्ती होती. दोन्ही खोल्यांतील माणसे सारखीच शहाणी होती.

म्हणून कोणी आपल्याला कामाच्या प्रेरणेचा नवा सिद्धांत सांगू लागला, तर त्याला मी दोनच प्रश्न विचारीत असतो. काम वाढले तर दर उतरणार नाही आणि माणूस कमी होणार नाही, हे कोठे लिहिलेले आहे? आणि वाढलेल्या कामाचा हिशेब कामगाराला पाहता येतो काय? याची उत्तरे मिळाली की पुढचे मानसशास्त्र मी आनंदाने ऐकतो. उत्तरे मिळाली नाहीत, तर तो माणूस हात राखूनच काम करील. आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते.